पाठीमागची मोरी

चहाचा शेवटचा घोट घेतला आणि तिच्या जिभेला काहीतरी टोचलं. चहापत्तीतली काडी असेल म्हणून तिनं ते पुढच्या दातांत धरलं आणि दोन बोटांनी बाहेर काढलं. काडी नव्हती. नख होतं. पायाच्या अंगठ्याचं, जाड, पिवळट, एका कडेला फाटल्यासारखं तुटलेलं. नवऱ्याचं. ओळखायला वेळ लागला नाही. एका माणसाबरोबर इतकी वर्षं पत्र्याच्या डब्यात काढली की त्याचं नखसुद्धा हजारांत ओळखू येतं, आणि ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नाही.  तिनं गाडीचं सरकतं दार उघडलं, बाहेर वाकली आणि फुटपाथच्या कडेला थुंकली, पुन्हा थुंकली. समोरून एक बाई लहान मुलीला शाळेत सोडायला चालली होती. त्या बाईनं गाडीकडे पाहिलं, दाराशी वाळत घातलेल्या चड्ड्यांकडे पाहिलं, थुंकणाऱ्या तिच्याकडे पाहिलं आणि मुलीचा हात धरून तिला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला नेलं.  तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. नुसतं पलीकडे नेलं. आपण त्या बाईच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, असं तिला वाटलं, आणि मग नखापेक्षा जास्त किळस तिला स्वतःची आली.

डबा म्हणजे त्यांची गाडी. एके काळी ती एका बेकरीतून दुकानांना पाव पोचवायची. उन्हात तापली की अजूनही तिच्या पत्र्यातून आंबूस पिठाचा वास सुटतो. पहिल्या वर्षी तो वास तिला इतका आवडायचा की झोपताना ती भिंतीला नाक लावून पडायची. आता त्याच वासात तिला ओले मोजे, स्टोव्हचा धूर, कोपऱ्यातल्या बादलीत भिजत घातलेले कपडे आणि दोन माणसांचा शिळा घाम हे सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं. डब्यात प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या मांडीवर बसलेली. पलंगाच्या फळीखाली कपबश्या, कपबश्यांना खेटून चपला, चपलांच्या वर तांदळाची पिशवी. नवरा फळीवर मांडी घालून नखं काढणार, ती उडणार, आणि उडालेली नखं जाऊन जाऊन जाणार कुठे? हा साधा हिशेब तिनं आजवर मांडला नव्हता. म्हणजे हे पहिलंच नख असेल असं नाही. फक्त टोचलेलं पहिलं. कप तिनं घासला, पुन्हा घासला, आणि घासताना तिचं लक्ष पुढच्या काचेकडे गेलं. नवरा ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून काच आतून पुसत होता. वर्तमानपत्राचा बोळा गोल गोल फिरवत, कोपरे काढत, मधूनच तोंडाची वाफ देत. शीळही घालत होता. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

कारण काच पुसणं म्हणजे बेत बदलणं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यालाही माहीत नसावं. पण दर वेळी तेच. एका गावात मुक्काम असेपर्यंत काचेवर धूळ साठून गाय बसल्यासारखी बसलेली असे, आणि एखाद्या सकाळी तो वर्तमानपत्राचा बोळा करून पुसायला लागला की संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी, तो म्हणणार, ‘अगं, ऐक तर.’ संत्र्यांच्या बागेत काच पुसली तेव्हा ते समुद्रावरच्या हॉटेलात चादरी बदलायला गेले. हॉटेलात काच पुसली तेव्हा गोदामात खोकी चिकटवायला गेले. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला जायचं ठरलं होतं, साडी काढून उशाशी ठेवली होती, तेव्हाही काच पुसली गेली. आणि दाढ. उजवीकडची खालची दाढ एका शहरातल्या डॉक्टरनं कोरून, आत औषध घालून, वरून तात्पुरतं सिमेंट लिंपून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात या, पक्कं करू, म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात ते दोन घाट ओलांडून कांदे भरत होते. ते सिमेंट कधीच झिजून गेलं. आता त्या खड्ड्यात रोज काहीतरी अडकतं, कुजतं, आणि जीभ काही केल्या तिथं जायची थांबत नाही. जाते, वास घेऊन येते. आता या काचेचा अर्थ काय? आज संध्याकाळी तर खोलीचं हो म्हणायचं होतं. दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. हिवाळाभर खोली, दाराला कडी, कारखान्यात तिला झाकणं तपासायचं बारमाही काम, त्याला मालाच्या गाडीवर. तोच म्हणाला होता, यंदा बस्तान बसवू. तिनं कप फळीखाली ठेवला आणि चपला चढवल्या. कामाला उशीर होत होता, आणि विचारलं की उत्तर मिळतं.

कारखाना टोमॅटोचा होता. हंगामात मालाच्या गाड्या रांगेनं येत, टोमॅटो हौदात पडत, धुऊन निघत आणि लांब रबरी पट्ट्यावरून या बायकांच्या समोरून सरकत पुढे उकळायला जात. बायकांचं काम एकच. वाईट तो उचलायचा. पाणी सुटलेला, बुरशी धरलेला, बोट लावलं की बोट आत जाणारा. उचलायचा आणि न बघता पाठीमागे टाकायचा, कारण प्रत्येकीच्या मागे कमरेइतक्या उंचीवर पत्र्याचं एक तोंड होतं, त्यातून घाण खाली गटारात जाई. त्याला सगळ्या मोरी म्हणत. मागे वळून बघायला वेळ नसे आणि गरजही नसे. चार दिवसांत हाताला मोरी कळते. पहिल्या दिवशी ती चांगल्या, टणक, लालबुंद टोमॅटोंकडे बघत बसली होती, तेव्हा मुकादम मागून येऊन म्हणाला होता, ‘ताई, चांगल्याकडे बघू नका. चांगला आपोआप जातो. तुमची नजर फक्त नासक्यावर पाहिजे.’ त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं होतं, पण तिला नंतर वाटत राहिलं की या माणसानं आपल्या डोळ्यांना काहीतरी करून ठेवलं. आता पट्टा बंद झाला तरी नजर बंद होत नाही. रस्त्यानं चालताना भिंतीवरचे पोपडे, दुकानदाराच्या कानातला मळ, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात साठलेलं पांढरं, हेच आधी दिसतं. बाकीचं आपोआप पुढे जातं. नवऱ्याचंही असंच झालं. त्याचं हसणं कधी दिसेनासं झालं तिला आठवत नाही. हसताना दिसणारी हिरडी तेवढी दिसते.

‘तुझं बरं आहे बाई,’ शेजारची चष्मेवाली म्हणाली. ती याच शहरातली, हंगामापुरती येणारी, आणि हात चालू असताना तोंड बंद ठेवणं तिला जमत नसे. ‘कंटाळा आला की घर उचलायचं, चाललं. मला माझं घर हलवायचं तर आधी सासूला हलवावं लागेल. ती तर बाकावरनं उठत नाही.’

‘खोली घेतोय आम्ही आता,’ ती म्हणाली. बोलताना तिचा हात एका काळ्या पडलेल्या टोमॅटोत शिरला, थंड, बुळबुळीत, आणि आत काहीतरी हललं. अळी होती की नुसती बी सरकली, बघायला ती थांबली नाही. मागे फेकलं.

‘खोली?’ चष्मेवालीनं चष्मा मनगटानं वर सारला. ‘आणि तो राहील?’

‘राहील की. ठरलंय आमचं.’

‘ठरलंय तर ठरलंय,’ चष्मेवाली म्हणाली आणि पुढचा टोमॅटो उचलला. त्या ‘ठरलंय’वर तिनं इतका हलका हात ठेवला की जणू तोही दाबला तर आत जाईल. तिला चष्मेवालीचा राग आला. मग कळलं की राग चष्मेवालीचा नाही. ती काच पुसतानाची शीळ अजून कानात होती. हंगामी माणसं ठरलंय हा शब्द फार वापरतात. नोकरीवाले, घरवाले वापरत नाहीत; त्यांना ठरवावं लागत नाही, त्यांचं असतंच. तिचे वडील सगळी हयात एकाच खुर्चीवर बसून रिटायर झाले आणि त्यांच्या तोंडी बेत हा शब्द फक्त जेवणाचा यायचा. लहानपणी तिला त्या खुर्चीची, त्या घराची, दुपारी चारला होणाऱ्या त्या चहाची शिसारी यायची, म्हणून तर असा माणूस बघितला. पहिल्या भेटीत तो म्हणाला होता, एक वर्ष फिरू, मग बघू कुठे मुळं धरतायत. तिला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. आज ते कुणी म्हटलं तर ती त्याला विचारेल, मूळ धरायला झाडाला एका जागी किती वेळ उभं राहावं लागतं, याची काही कल्पना आहे का तुम्हाला.

जेवणाच्या सुट्टीत तो फाटकाशी उभा होता. कामाचे कपडे अंगावर नव्हते, केस ओले करून मागे वळवलेले, चेहरा धुतलेला. तो कारखान्याच्या आवारात गाड्या रिकाम्या करायचं काम करी, या वेळेला तो हौदाजवळ असायला हवा होता. तिला पाहिल्यावर त्यानं डब्यातून आणलेली पोळी-भाजी पुढे केली आणि म्हणाला, ‘अगं, ऐक तर.’

‘सोडलंस का काम?’

‘आधी ऐक तर. दाढीवाल्याचा फोन आला होता.’ दाढीवाला म्हणजे हॉटेलातल्या हंगामात भेटलेला स्वयंपाकी. आता वर डोंगरात कुणाची तरी विश्रामगृहं सांभाळत होता. ‘हिवाळ्यात तिथं सगळं बंद असतं. नुसतं राहायचं, पाइप गोठू द्यायचे नाहीत, छपरावरचा बर्फ ओढायचा. राहायला अख्खं घर, चूल, लाकडं. नवराबायको पाहिजेत म्हणाला. तुझं नाव आधी घेतलं त्यानं. फक्त घाट बंद व्हायच्या आत पोचायला पाहिजे, म्हणजे आजच निघायला हवं.’

‘आणि खोली?’

‘खोली काय पळून जाते? उन्हाळ्यात घेऊ की. बेत म्हणजे काय दगडावरची रेघ आहे?’ तो हसला. हिरडी दिसली. दातात पोळीचा कण होता. त्याच्या डोळ्यांत तोच आनंद होता, स्वच्छ, लहान मुलाच्या वाढदिवसाचा असावा तसा, आणि त्या आनंदात खोट कुठेही नव्हती. हेच तर असह्य होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस प्रत्येक वेळी खरं बोलत असे. खोलीचं म्हणाला तेव्हाही खरं, आता डोंगराचं म्हणतो तेव्हाही खरं. मधली जागा त्याला लागतच नाही. ती पोळी चावत राहिली. घास दाढेच्या खड्ड्यात गेला आणि कळ थेट कानात उठली. तिनं घास थुंकला नाही, गिळला. म्हणाली, ‘संध्याकाळी बोलू.’ तो म्हणाला, ‘संध्याकाळी नाही, चारला निघू.’ मग तिच्या गालाला लागलेली टोमॅटोची साल त्यानं अंगठ्यानं काढली. तो अंगठा गालावर होता तोपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.

सुट्टी संपायची घंटा झाली तेव्हा ती पट्ट्याकडे गेली नाही. मुकादमाला दाढ दुखतेय म्हणून सांगितलं, जे खरंही होतं, आणि खोलीकडे चालायला लागली. शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्याच्या बंद दुकानावर ती खोली होती. लोखंडी जिना, जिन्याच्या कठड्याला कुणीतरी बांधून विसरलेली सुतळी, वर घरमालकिणीचं दार आणि तिच्या शेजारी खोलीचं. घरमालकीण रिटायर्ड नर्स. अंगावर अजून तसलीच ताठ साडी, केसांत एकही बट इकडची तिकडे नाही. त्यांनी खोली पुन्हा एकदा उघडून दाखवली, जशी तापाच्या रोग्याला पाणी देतात तशी, भावना न मिसळता. पांढऱ्या फरशा. धुतलेली खिडकी. भिंतीत लाकडी कपाट. बाथरूमचं दार वेगळं, त्याला आतून कडी. तिनं नळ सोडला, तळवे भिजवले आणि लगेच बंद केला. डब्यात तसंच करावं लागे. कॅन रिकामा झाला की रात्रभर तहान.

‘सोडा की,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘इथं पाणी संपत नाही.’

तिनं पुन्हा सोडला. पाणी पडत राहिलं. त्या नुसत्या आवाजानं आपल्याला रडू येतंय हे तिला कळलं, नळासाठी रडणारी बाई म्हणून स्वतःची लाजही वाटली, पण नळ तिनं बंद केला नाही.

‘मिस्टर नाही आले?’ नर्सबाईंनी विचारलं. ‘मागच्या वेळी तेच जास्त बोलत होते. खिडकीत कुंडी ठेवू म्हणाले होते.’

‘ते बाहेरगावी जातायत. मी एकटीच राहीन.’

हे वाक्य तिनं मनात आधी रचलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिनं ते ऐकलं. नर्सबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, नाडी बघावी तसं. ‘एक असू दे, दोन असू दे, माझं काही म्हणणं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त एक सांगते. आयुष्यभर वॉर्डात माणसं आलेली-गेलेली बघितली मी. आता घरात येणं-जाणं नको. राहायचं तर राहा. आज आहे उद्या नाही, असलं मला चालत नाही.’

‘राहते मी,’ ती म्हणाली.

आंघोळ करूनच जा, म्हणाल्या त्या, साबण आत आहे. ती आत गेली, कडी लावली, कडी नीट लागली का ते ओढून पाहिलं, आणि अंगावर पाणी घेतलं. पहिलं पाणी काळं निघालं. मग तपकिरी. मग लालसर, कोपराच्या घडीत वाळलेला टोमॅटो सुटून आला. पांढऱ्या फरशीवरून ते सगळं जाळीकडे वाहत जाताना ती बघत राहिली. इतकी वर्षं आपण किळस दुसऱ्याच्या अंगावर शोधत होतो. पायांच्या बोटांच्या बेचक्यांतून मळाच्या काड्या निघत होत्या. स्वतःचीच नखं तिला दिसली, कडांना काळी. तेव्हा तिला ते दिवस आठवले, जे तिनं बरेच दिवस आठवले नव्हते. सफरचंदाच्या बागेत तो शिडीवरून पडला, उजवा हात मोडला, प्लास्टर घातलं. तो सगळा हंगाम त्याची नखं तीच काढायची. डब्याचं मागचं दार उघडं टाकून तो तिथं पाय खाली सोडून बसायचा, ती खाली गवतात बसायची, त्याचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेऊन. अंगठ्याचं नख फार टणक, आधी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावा लागे. कापलेलं नख ती गवतात उडवायची आणि तो म्हणायचा, इथं उद्या माझं झाड उगवणार, बघ, सफरचंदाच्या जागी अंगठे लागतील. काय घाणेरडं बोलतोस, म्हणत ती हसून हसून आडवी व्हायची. तेव्हाही ते नख हेच होतं, असंच पिवळट, असंच वाकडं. तिला तेव्हा किळस आली नव्हती. हे आठवून तिला बरं वाटलं नाही. उलट कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं, आणि ते कुणी हे नीट सांगता आलं नाही.

ती डब्याशी आली तेव्हा त्यानं सगळं आवरून ठेवलं होतं. दोऱ्या ताणलेल्या, स्टोव्ह पट्ट्यानं बांधलेला. काच आरपार लख्ख. ‘ओले केस कसे गं?’ त्यानं विचारलं. ती म्हणाली, ‘मी खोली घेतली. मी येत नाही.’ तो दोरीची गाठ हातात धरून थांबला. तिला वाटलं, आता चिडेल. एकदा तरी चिडावं, ओरडावं, डब्याच्या पत्र्यावर मूठ हाणावी. त्यानं गाठ पक्की केली, मग सोडली, मग पुन्हा बांधली.

‘मला खोलीत झोप लागत नाही,’ तो म्हणाला. ‘तुला माहितीये.’

‘कधी प्रयत्न केलास?’

‘केला की. तुझ्या आईकडे. तिसऱ्या दिवशी छत अंगावर यायला लागलं. तू झोपलेलीस. मी खाली येऊन डब्यात झोपलो आणि पहाटे परत वर जाऊन तुझ्या शेजारी पडलो. तुला कळू दिलं नाही.’

हे तिला ठाऊक नव्हतं. ती काही बोलेल म्हणून तो थांबला. त्या क्षणी तिला त्याच्या शर्टाच्या काखेत वाळलेला घामाचा पांढरा डाग दिसत होता आणि नजर तिथून उचलली जात नव्हती. तो मान हलवत हलवत उजळला. तिच्या डोळ्यांदेखत उजळला. ‘मग असं करू,’ म्हणाला. ‘तू राहा इथं. हे झकास आहे खरं तर. मी वर जातो, बर्फ उतरला की खाली येतो, तोवर तुझी दाढही होईल, मग आपण...’ आणि ती तिथंच उभी राहून बघत राहिली, तिचं जाणं त्यानं कसं उचललं, झटकलं आणि एका नव्या बेतात घडी घालून ठेवून दिलं. तिच्या जिवाचा तुटलेला तुकडा त्याच्या हातात गेल्याबरोबर बेत झाला. याच्यापुढे नख काहीच नव्हतं. 

सामान त्यानंच वर आणलं. जिन्यावर नर्सबाईंना ‘मावशी, हिच्यावर लक्ष ठेवा,’ म्हणाला, कुंडीचं विसरलो नाही म्हणाला. तिचे कप त्यानं नेहमीच्या सवयीनं मोज्यांत घालून आणले होते, स्वतःच्या जाड लोकरीच्या मोज्यांत, कारण गाडी हलली की कप फुटतात. ‘मोजे लागतील रे तुला वर,’ ती म्हणाली. इतका वेळ नीट न निघालेला आवाज या एका वाक्यात सरळ निघाला. ‘राहू देत,’ तो म्हणाला. दारात घुटमळला, चपला काढाव्यात की नाही त्याला कळेना, आणि न काढताच गेला. खाली गाडी सुरू झाली. हॉर्न त्यानं दोनदा वाजवला, जसा तो प्रत्येक गाव सोडताना वाजवायचा. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती, तिथून रस्ता दिसत नव्हता. आवाज वळणापर्यंत ऐकू आला आणि मग तिथं नुसतं शहर राहिलं.

तिनं खोली लावायला घेतली. उजेड अजून फरशीवर होता. कामाच्या भरात होती म्हणून की कसं कोण जाणे, दारावर टकटक झाली तेव्हाच तिचे हात थांबले. नर्सबाई चहाचं विचारायला आल्या होत्या. त्यांनी आत पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

‘कुठे निघालात का?’

तिनं वळून खोलीकडे पाहिलं. आरसा भिंतीवर न लावता गादीखाली आडवा सरकवलेला. भिंतीतल्या कपाटाच्या दोन मुठी एकमेकींना नाडीनं बांधलेल्या. बाटल्या टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात दाटीनं उभ्या केलेल्या. कपड्यांची पिशवी फळीवर चढवायची ती पलंगाखाली, चाकाच्या बाजूला, जणू पलंगाला चाक होतं. खोली पुढच्या मिनिटाला चालू पडली असती तरी काही पडलं नसतं. ‘नाही नाही,’ ती म्हणाली. ‘सवय.’ नर्सबाईंनी नाडीच्या गाठीकडे पाहिलं. ‘चहा टाकते,’ म्हणाल्या आणि गेल्या, दार त्यांनी लावून घेतलं नाही.

तिनं नाडी सोडली. आरसा काढून खिळ्याला अडकवला, त्यात पाहिलं नाही. मग मोजा उचलला, कप आतून काढायला तो उलटा केला. कप हातात आला आणि त्याच्या मागोमाग मोज्याच्या टोकातून काहीतरी बारीक घरंगळत कपात पडलं, टिक असा आवाज करून. नख. पायाच्या अंगठ्याचं. सकाळच्याच कापणीतलं असणार, दुसऱ्या पायाचं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तोंडात तीच चव, दाढेच्या खड्ड्यात तीच कळ. दोन बोटांनी तिनं ते उचललं आणि न बघता पाठीमागे फेकलं.

मागे मोरी नव्हती.

हात तसाच कमरेमागे उघडा राहिला. खाली घरंगळल्याचा आवाज आला नाही, गटाराचा आला नाही, पट्ट्याचा नाही, कशाचाच नाही. नख खोलीतच कुठेतरी होतं. धुतलेल्या खोलीत, कडी असलेल्या, पाणी न संपणाऱ्या, तिच्या एकटीच्या खोलीत. ती वळली. फरशी पांढरी आणि नख पिवळट, दिसायला हवं होतं. दिसेना. रोज हजारो टोमॅटोंतून एक नासका ज्या डोळ्यांना सापडतो त्या डोळ्यांना ते दिसेना. तिनं कप खाली ठेवला, गुडघे टेकले आणि तळव्यानं फरशी चाचपायला लागली, आधी पलंगाखाली, मग कपाटाच्या कडेनं, दाराच्या फटीपर्यंत. शेजारून चहा उकळल्याचा वास आला. नर्सबाई हाक मारत होत्या, ‘घेताय ना चहा? निवतोय.’ ती म्हणाली, ‘आले, आले,’ आणि उठली नाही. काढून टाकायला शोधतोय की ठेवून द्यायला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. फरशांच्या सांध्यांतून ती एकेक बोट फिरवत राहिली, मांडीवर कुणाचं तरी जड पाऊल असावं तशी वाकून.